विजयेचे सहा थेंब

सुमन,

तेराव्याला शाळेच्या पटांगणात लोक तुझ्याबद्दल बोलले. सरपंच बोलले, बचत गटाच्या बाया बोलल्या, मुख्याध्यापकांनी कागदावरून वाचून दाखवलं. अंगणवाडीत तू अठ्ठावीस वर्षं पोरांची वजनं घेतलीस, तुझ्या हातून पोलिओचा डोस घेतलेली पोरं आता स्वतः बाप झाली, आणि गावातलं दारूचं दुकान तू बंद पाडलंस, हे सगळ्यांनी सांगितलं. दारूबंदीच्या मतदानाच्या दिवशी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला तू म्हाताऱ्या बायांना हात धरून कशी नेत होतीस, हे तर तिघांनी तीनदा सांगितलं. शेवटच्या सात महिन्यांबद्दल मात्र "बाईनं लय सोसलं" याच्यापुढे कोणी गेलं नाही. मला बोलायला उठवलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, माणसाला भरून आलं. भरून आलं होतंच. पण गप्प बसलो तो तुला दिलेल्या शब्दामुळे.

तो शब्द पाळायचा की मोडायचा हे ज्याला विचारावं असं माणूस एकच होतं. म्हणून तुलाच लिहितोय. कामरगावच्या आपल्या वायंडिंगच्या दुकानात बसलोय. समोर एका सबमर्सिबल मोटरची जळकी तार काढून ठेवली आहे आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळचा वायदा केला आहे. होईल तेव्हा होईल.

नागपूरच्या डॉक्टरांनी आपली खुर्ची जवळ ओढली तेव्हाच तू समजलीस. छातीचं दुखणं दोन वर्षांपूर्वी कापून काढलं होतं, ते आता पाठीच्या कण्यात उतरलं होतं. "आता त्रास कमी करण्यावर भर देऊ," असं ते म्हणाले, आणि तू मान हलवून विचारलंस, "किती दिवस?" त्यांनी आकडा सांगितला नाही. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "चला, संत्री घेऊ. आता आलोच हावो तं." त्या दिवशी तू संत्री निवडून घेतलीस, एकेक दाबून. मी शेजारी पिशवी धरून उभा होतो आणि मला वाटत होतं की ही निवडणं संपूच नये.

पाठीपेक्षा तुझे तळपाय जास्त दुखायचे. औषधांनी नसा भाजल्या असं डॉक्टर म्हणाले होते. पायांवर चादर चालायची नाही, वारा चालायचा नाही. दुखायच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, पोट साफ व्हायचं नाही, आणि पेजेचा दुसरा चमचा तोंडात जायच्या आधी पहिला बाहेर यायचा. मला तू कधी काही म्हणाली नाहीस. फक्त पाय बाजेच्या कडेबाहेर काढून ठेवायचीस, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

कारंज्याला मेडिकलवाले पारसभाऊ आहेत ना, तुझ्या गोळ्या मी त्यांच्याकडूनच आणायचो. एक दिवस त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावून बसवलं.

"देविदासभाऊ, एक सांगू का? राग नका मानू. माह्या मायले शेवटी शेवटी विजयाचं औषध चालू केलं व्हतं."

"विजया म्हंजे?"

"भांग."

मी उठलोच. त्यांनी हात धरला. "बसा. मी जैन मानूस हावो, आमच्या घरात कांदा येत नाई. मायनं आधी महाराजायले विचारलं, मंग घेतलं. नशेसाठी नाई, औषध म्हून. आयुर्वेदाचे डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात, मंग कंपनीतून पार्सलनं येते. मी दुकानात ठेवत नाई. पन अमरावतीले एक डॉक्टरीणबाई हायेत, त्यायचा पत्ता देतो."

पत्ता खिशात घालून मी घरी आलो आणि तुला सांगायला मला चार दिवस लागले. सांगितलं तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस.

"भांगच ना?" तू म्हणालीस.

"औषध हाये, सुमन."

"भांगच ना पन?"

"हो."

तू डोळे उघडलेस. "तुमीच आना म्हना मंग. तुमाले सोडवता सोडवता माहे हात भरून आले व्हते. आन आता तुमीच मले पाजा."

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी सकाळीच पिऊन दुकानात बसायचो. तू एक दिवस शेजाऱ्यांच्या सायकलवर बसून कामरगावला आलीस, गिऱ्हाइकांसमोर माझा हात धरलास आणि वायंडिंगच्या मशीनवर ठेवलास. हात थरथरत होता. "ह्या हातानं तार बसत नाई," तू म्हणालीस, "तं हा हात कायले पायजे?" ओरडून नाही, सावकाश विचारलंस, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. त्याच हाताने मी तुझ्या डोक्यावर शपथ घेतली, की पुन्हा नशेची वस्तू जिभेवर ठेवणार नाही. दारूचं दुकान बंद करायची चळवळ तू त्यानंतर चार वर्षांनी केलीस, पण पहिलं दुकान तू माझंच बंद केलंस, हे पटांगणात बोलणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नाही.

तू तयार झालीस ती माझ्या सांगण्यावरून नाही. अंगणवाडीची नवीन बाई पोरांना घेऊन तुला भेटायला आली होती. एक बारकी पोरगी लाडाने बाजेवर चढली आणि तिचा गुडघा तुझ्या पायाला लागला. तू किंचाळलीस. पोरगी घाबरून रडत पळाली, आणि तिच्यामागे बाकीची पोरंही अंगणातून बाहेर गेली. तू त्यांच्यामागे दाराकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "त्या डॉक्टरीणबाईची वेळ घ्या. लेकरं भेवाले लागली मले."

अमरावतीला जाताना जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकून तुला नेलं. डॉक्टरीणबाईंना पाहून तू मला डोळ्यांनी खुणावलंस की ही तर पोरगीच आहे. पण त्या पोरगीनं तुला असं काही विचारलं जे नागपूरला कोणी विचारलं नव्हतं: कोणत्या कुशीवर झोप लागते, पहाटे किती वाजता जाग येते, कशाचा वास सहन होत नाही. मग तू तिची परीक्षा घेतलीस.

"हे घेतल्यावर मी काईबाई बडबड करीन का?"

"जास्त घेतलंत तर चक्कर येईल, तोंड कोरडं पडेल. म्हणून अगदी थोड्यापासून सुरू करायचं."

"आन मले पोलिसानं धरलं तं?"

ती हसली नाही. तिने नीट समजावून सांगितलं, की गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे, त्यावर बंदी आहे. पानाचं तसं नाही. पानापासून औषध बनवायला परवाना लागतो आणि रोग्याला ते चिठ्ठीवर मिळतं. बाटली आली की तिच्यावरचा परवाना नंबर बघून घ्या, चिठ्ठी कायम सोबत ठेवा, नागपूरच्या गोळ्या माझ्या सांगण्याशिवाय बंद करू नका. संध्याकाळी दोन थेंब तुपातून. चार-चार दिवसांनी एक वाढवायचा. सहाच्या वर मला विचारल्याशिवाय जायचं नाही.

"रोग जाइन का यानं?" तू विचारलंस.

"नाही, ताई. रोग जाणार नाही. दुखणं थोडं लांब बसेल, आणि भूक लागेल, असं मला वाटतं. खात्री देत नाही."

"मंग द्या," तू म्हणालीस. खात्री देत नाही म्हणाली म्हणूनच तुझा तिच्यावर विश्वास बसला.

परत येताना जीपमध्ये तू माझ्याकडून शब्द घेतलास. "कोनाले सांगाचं नाई. गिरजालेही नाई." गिरजा तुझी अंगणवाडीतली मदतनीस, वीस वर्षं तुमच्या दोघींचं एका ताटात जेवण, तिलाही नाही. "ज्या बायायले मी आडव्या बाटलीवर शिक्का माराले लावला, त्या काय म्हनतीन?" मी शब्द दिला. त्या वेळी तू मागितला असतास तर काहीही दिलं असतं.

पार्सल आपल्या गावापर्यंत येत नाही, ते कारंज्याला पार्सल-ऑफिसात थांबलं. मी घ्यायला गेलो तर तिथल्या माणसाने खोक्यावरचं नाव वाचून ते टेबलाखाली ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे देता नाई येत. अथी गांजाचं नाव लिहेल हाये." मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि कोणाला तरी फोन लावला. अर्ध्या तासाने पोलीस ठाण्यातला एक जमादार आला. वयस्कर, पोट सुटलेला, घाम पुसत पुसत. मी स्टुलावर बसून होतो. साठीला आलेला माणूस, आयुष्यात एवढं मेल्याहून मेल्यासारखं कधी वाटलं नाही.

जमादाराने बाटलीवरचा नंबर वाचला, चिठ्ठी वाचली, डॉक्टरीणबाईंना फोन लावून बोलला. मग चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "सुमनबाई? त्या दारूबंदीवाल्या? मतदानाले मी बंदोबस्ताले व्हतो तुमच्या गावात." त्याने चिठ्ठीची घडी घातली. "लय दुखते का त्यायले?"

"लय."

त्याने खोकं स्वतः माझ्या हातात दिलं. "घेऊन जा, भाऊ. काई गैर नाई यात." त्याचा काही दोष नव्हता. पण तुझं नाव त्या ऑफिसात मोठ्याने घेतलं गेलं होतं, आणि तिथे चार माणसं उभी होती.

सुमन, त्या दुपारचं एक तुला सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं असं म्हणतो, पण खरं म्हणजे लपवलं. मी सरळ घरी आलो नाही, दुकानात आलो. बाटलीचं सील फोडलं आणि दोन थेंब माझ्या जिभेवर ठेवले. तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी तुझ्यासाठी मोडली. मला भीती वाटत होती. डॉक्टर कितीही चांगली असो, कंपनी कुठली कोण, आणि तुझ्या अंगात एक वाईट थेंब पचवायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, काय व्हायचं ते आधी मला होऊ दे. कडू होतं, ओल्या गवतासारखा वास. तोंड कोरडं पडलं, एवढंच झालं असं मला वाटलं. पण त्या तासाभरात मी एका मोटरचे वेढे मोजताना तीनदा चुकलो आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी तार उसवून परत भरली. संध्याकाळी घरी आलो तर तू विचारलंस, "इतका उशीर काहून?" मी म्हटलं, "पार्सलवाल्यानं बसवून ठेवलं." तेवढं तरी खोटं नव्हतं. पुढे सांगू सांगू म्हणत राहिलो. एवढ्या वर्षांत तुझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट.

दोन थेंबांनी काही झालं नाही. तिसऱ्याने तुला थोडी चक्कर आली आणि तू म्हणालीस, "पाहा, चढली मले," आणि दुसरा दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाहीस. चार थेंबांवर तू सलग पाच तास झोपलीस. मी उशाशी बसून तुझा श्वास मोजत होतो, कारण सलग पाच तास झोपलेलं तुला बघायची माझी सवय मोडली होती. पाच थेंबांवर एका सकाळी तू म्हणालीस, "अंबाडीची भाजी भेटन का कोठी?" मी मोटरसायकल काढली आणि तीन गावं फिरलो. भाजी केली गिरजाने, ज्वारीची भाकर केली, आणि तू अर्धी भाकर खाल्लीस. गिरजा मागे तोंड करून डोळे पुसत होती. तिला वाटत होतं तुला देवाने हात दिला.

सहावर तुझं दुखणं, तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, "ओसरीवर जाऊन बसलं." गेलं नाही. पण ओसरीवर बसलं.

आणि मग गावात कळलं. कळणारच होतं. पार्सल-ऑफिसातल्या चौघांपैकी एकाची सासुरवाडी आपल्या गावची. कोणी म्हणालं, बाई गांजा ओढतात. कोणी म्हणालं, नवरा आधी प्यायचा, आता बायकोला लावली. ज्याचं दुकान बंद पडलं तो पारावर म्हणाला म्हणे, "आमची बाटली आडवी केली, आन सोताची उभी." हे तुला येऊन कोणी सांगितलं ते मला अजून ठाऊक नाही. मी घरी आलो तेव्हा बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर होती आणि तू भिंतीकडे तोंड करून होतीस.

"आजपासून नाई," एवढंच म्हणालीस.

आठ दिवस. त्या आठ दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. पाय पुन्हा बाजेबाहेर आले. मी विनवण्या केल्या, रागावलो, एकदा तर बाटली हातात घेऊन तुझ्यासमोर रडलो. तू म्हणालीस, "माह्याकडं दुसरं काय हाये सांगा बरं? पोरबाळ नाई, जमीन नाई. एक नाव हाये." मी सांगायला हवं होतं की मी आहे. का नाही सांगितलं कोण जाणे. तू नावाबद्दल बोलत होतीस आणि मी बाटलीकडे बघत होतो.

नवव्या दिवशी गिरजा आली. तिला सगळं कळलं होतं आणि तिला राग आला होता तो तू भांग घेतलीस याचा नव्हे, तू तिला सांगितलं नाहीस याचा. ती बाजेजवळ खाली बसली.

"बाई, आपन घरोघरी जाऊन काय सांगत व्हतो? दारू घर बुडवते. व्हय का नाई?"

उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली,

"मंग हे औषध तुमचं कोनतं घर बुडवून राह्यलं? तुमी भाकर खाल्ली. तुमी माह्यासंगं बोलल्या. आन आता पारावरच्या बेवड्यायसाठी तुमी उपाशी मरून राह्यल्या? त्यायचं कधी आयकलं व्हतं का आपन?"

तू भिंतीकडचं तोंड इकडे वळवलंस. मग मला म्हणालीस, "तूप गरम करा." वीस वर्षं तिने तुझं ऐकलं होतं, त्या दिवशी तू तिचं ऐकलंस. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चूल पेटवून तुपाची वाटी ठेवली.

त्यानंतरचे चार महिने मला जसेच्या तसे परत हवेत. दुखण्यासकट, उलट्यांसकट. तू उशीला टेकून बसायचीस आणि नवीन अंगणवाडीवाल्या बाईला वजनाचे तक्ते कसे भरायचे ते शिकवायचीस. पोरं पुन्हा येऊ लागली, बाजेपासून हातभर लांब बसायची. एका रविवारी तू हट्ट धरलास म्हणून तुला दुकानात आणलं. तू याच खुर्चीवर बसलीस, मी तार भरत होतो, आणि तू वेढे मोजत होतीस माझ्याबरोबर. मध्येच तुला आठवलं, लग्नात माझा फेटा माझ्या मामाच्या म्हशीनं ओढला होता. तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की शेजारचा चहावाला बघायला आला. मी म्हटलं, "सुमन, चढली का व तुले?" आणि तू डोळे पुसत म्हणालीस, "चढू द्या. आज चढू द्या."

पण एक भांडण आपलं तसंच राहिलं. मंगरूळपीरकडचा उत्तम, त्याची मोटर जळाली की तो माझ्याकडेच आणतो, त्याच्या बायकोला, कमलला, तुझ्यासारखंच दुखणं. तसेच पाय. त्याने विचारलं, "वयनीले कायनं बरं वाटून राह्यलं, भाऊ?" मी म्हटलं, "देवाची कृपा." तो देवळात जाऊन नारळ फोडून आला. मला ते सहन झालं नाही. घरी येऊन तुला म्हटलं, "त्याले सांगू दे मले."

"नाई."

"त्याची बायको तळमळून राह्यली, सुमन."

"गावाले कळलं ते कळलं. आता आखीन चार गावात माहं नाव त्या बाटलीसंगं नाई जाऊ द्याचं."

"अंगणवाडीत औषधाचा डबा आला असता आन तू कुलूप लावून ठेवला असता का?"

बोलून गेलो आणि लगेच वाटलं, जास्त बोललो. तू छताकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "पाहू."

पाहू म्हणजे काय, सुमन? हो म्हणजे की नाही म्हणजे? तुझं "पाहू" मी आयुष्यभर ऐकलं, घराला रंग द्यायच्या वेळी, मूल दत्तक घ्यायचं बोलणं निघालं तेव्हा, आणि दर वेळी काही दिवसांनी तू त्याचा अर्थ सांगायचीस. या वेळी दिवस मिळाले नाहीत. पुढच्या आठवड्यात श्वास अडखळायला लागला. शेवटच्या सकाळी गिरजा तुझे केस विंचरत होती आणि मी तुझे तळपाय माझ्या मांडीवर घेतले होते, कारण आता ते घेता येत होते. तुला दुखलं नाही. माझा हात पायांवर होता आणि तू गेलीस. त्या हाताला ते आधी कळलं.

तेराव्यानंतर उत्तम भेटायला आला. चहा झाला. मग म्हणाला, "भाऊ, मले पारसभाऊनं सांगतलं. ते औषध उरेल असन तं द्या. कमल तीन दिवस झाले झोपली नाई."

कपाटात अर्धी बाटली होती. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या चिठ्ठीचं औषध दुसऱ्याला द्यायचं नसतं, हे तूच आयुष्यभर बायांना सांगत आलीस. त्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं मी पुन्हा टाळतोय. तेव्हा मी म्हटलं, "उद्या सकाळी जीप घेऊन या, मांगच्या सीटवर गादी टाका. मी येतो संगं."

काल आम्ही अमरावतीला गेलो. कमलला बाकावर आडवं केलं. तिथे नवीन पेशंटसाठी एक कागद भरून द्यावा लागतो. उत्तमने नाव, वय, दुखणं भरलं आणि खालच्या ओळीवर अडला. कोणाच्या सांगण्यावरून आलात, असा प्रश्न होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पेन घेतलं. पारसभाऊंचं नाव लिहिता आलं असतं, माझं लिहिता आलं असतं. मी तुझं लिहिलं. सुमनबाई, अंगणवाडी सेविका, आणि पुढे गावाचं नाव.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि चेहरा उजळला. "सुमनताईंनी पाठवलं का? कशा आहेत त्या?"

"गेली," मी म्हणालो. इतक्या दिवसांत तो शब्द मी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा म्हटला. आजवर सगळे लोकच म्हणत होते.

बाकावरून कमलने विचारलं, "बाईले यानं बरं वाटलं व्हतं का, भाऊ?" आणि मग मी बोलत सुटलो. अंबाडीच्या भाजीचं सांगितलं, पाच तास झोपलीस ते सांगितलं, म्हशीनं फेटा ओढला त्याचं सांगितलं. रोग गेला नाही हेही सांगितलं. गाव काय म्हणालं आणि गिरजा काय म्हणाली तेही. पटांगणात जे बोलता आलं नाही ते एका अनोळखी बाईसमोर बोललो. कमल ऐकत होती. तुझ्यासारखेच तिचे पाय बाकाच्या बाहेर होते.

म्हणजे शब्द मोडला, सुमन. तुला विचारून मोडला नाही, आणि तुझं "पाहू" मी माझ्या सोयीने हो धरलं, हेही कबूल करतो. तू असतीस तर भांडली नसतीस. तू भांडणारी नव्हतीसच. तू अबोला धरायचीस. ताट वाढायचीस, पाणी ठेवायचीस, आणि माझ्याकडे न बघता घरभर वावरायचीस, आणि तुझ्या पावलांवरूनच मला कळायचं की राग किती उरला आहे.

धर ना अबोला. महिनाभर धर, वर्षभर धर. फक्त तो धरायला घरात ये.